पंच क्रमांक दोन

"ही सही तुमची का हो?"

तहसीलच्या रेकॉर्ड रूममधले वाघचौरे नकलेची पानं मोजून शिक्के मारत होते. शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. त्यांनी माझा नकलेचा अर्ज शेजारी धरला, त्यावरचं नाव वाचलं आणि परत पानाकडे बघितलं.

"कल्याणी सोपान बिडगर, राहणार पिंपळखोरे. तुम्हीच ना?"

"बघू."

"थांबा, शिक्का ओला आहे."

मी थांबले नाही. पान ओढून घेतलं तेव्हा शिक्क्याची शाई माझ्या अंगठ्याला लागली. वर ठळक अक्षरात लिहिलं होतं, 'स्थळ पाहणी पंचनामा'. खाली भाऊसाहेबांचं गोल, घाईचं अक्षर. आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. आम्ही खालील सह्या करणारे पंच, मौजे पिंपळखोरे येथील सरकारी गायरान गट नंबर दोनशे चौदाची समक्ष पाहणी केली असता, सदर जमीन खडकाळ व पडीक असून चराईसाठी वापरात नाही. सदर जागेपासून पाचशे मीटरच्या आत लोकवस्ती, शाळा, अंगणवाडी अथवा पाण्याची सोय नाही. दगडखाण व खडी क्रशरसाठी जागा दिल्यास ग्रामस्थांची हरकत नाही. वरील मजकूर आम्हांस वाचून दाखविला, तो बरोबर आहे.

पंच क्रमांक एक, किसन लांडे. हा सरपंचांचा ट्रॅक्टर चालवायचा. पंच क्रमांक दोन, मी. पूर्ण नाव, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. कॉलेजात असताना बसवलेली सही.

"मग आता अपील कुणावर करणार म्हणता?" वाघचौरे पलीकडच्या टेबलावरच्या माणसाकडे बघत म्हणाले. "स्वतःवरच?"

तो माणूस हसला. मला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकून मारावंसं वाटलं. हातात फक्त नक्कल होती, आणि ती मला हवी होती.

तो एक्केचाळिसावा दिवस होता. आदेशापासून साठ दिवसांत अपील, हे मी वाचून ठेवलं होतं. आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा होता. गायरानातली पाच एकर जागा तालुक्यातल्या एका ठेकेदाराला दगडखाण आणि क्रशरसाठी दहा वर्षांसाठी दिलेली. गावाला त्याचा पत्ताच नव्हता. एके सकाळी माणसं येऊन गायरानात चुन्याच्या खुणा करून खुंट्या ठोकून गेली, तेव्हा कळलं. तोपर्यंत अठरा दिवस गेले होते. पुढचे तेवीस दिवस नकलेसाठी हेलपाटे घालण्यात गेले. आज साहेब नाहीत, आज शिक्का नाही, आज वाघचौरे नाहीत.

आमची वस्ती गायरानाच्या कडेलाच आहे, सोळा घरांची. वस्तीच्या टोकाला अंगणवाडी. माझी रेवा तेव्हा वीस महिन्यांची होती आणि तिला बालदमा होता. वारं फिरलं, कुणी शेजारी खळं केलं, एवढंही तिला पुरायचं. मी तिच्या उशाशी बसून घड्याळ धरून श्वास मोजायचे. मिनिटाला चाळीसच्या वर गेले की दवाखाना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हिला धुळीपासून जपा, बाकी मोठी झाली की जाईल. मी औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षरही वाचायचे. बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख वाचायचे. सासूबाई म्हणायच्या, हिच्या हाती माती दिली तर हिला मातीची पन तारीख पायजे.

आणि त्या पंचनाम्यावर माझी सही होती.

तहसीलमधून मी घरी गेले नाही. सरळ सज्जाच्या, म्हणजे तलाठ्याच्या ऑफिसात गेले. गवांदे भाऊसाहेब एकटेच होते, डबा उघडून बसलेले.

"या वहिनी. जेवणार का?"

मी नक्कल त्यांच्या डब्याशेजारी ठेवली. त्यांनी भाकरीचा घास तोंडात ठेवला, चावला, गिळला, पाणी प्यायले.

"मिळाली का एकदाची."

"मी असल्या कशावर सही केलेली नाही."

"सही तुमचीच आहे की."

"मार्चमध्ये गारपिटीचा पंचनामा करायला आला होतात. आमच्या ओट्यावर. कांदा झोडपला होता, त्याचा पंचनामा. तुम्ही दोन कागद पुढे केलेत. दोन्ही कोरे. म्हणालात, मजकूर ऑफिसात बसून लिहितो, सगळ्या वस्तीचा एकदम."

"मग?"

"मग दुसऱ्या कागदावर हे लिहिलंत."

"वहिनी, तुम्ही शिकलेल्या आहात. कोऱ्या कागदावर कोण सही करतं?"

"पोरगी रडत होती," मी म्हणाले. "माझं लक्ष नव्हतं."

भाऊसाहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"रडत होती?"

"हो."

"बरं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "रडत असेल. तसं म्हणा. पण एक सांगतो, धाकटा भाऊ समजून ऐका. हा कोरा होता म्हणाल, तर गारपिटीचाही कोराच होता. त्याच दिवशी, त्याच ओट्यावर. हा खोटा, तर तोही खोटा. मग वस्तीला सांगा, तुमच्या नुकसानीचे कागद बिडगरांच्या सुनेनं खोटे पाडले म्हणून. आणि खोट्या पंचनाम्यावर सही केली म्हणून गुन्हा कुणावर होतो, ते वकिलाला विचारून घ्या. लेकुरवाळ्या आहात."

हे सगळं ते इतक्या मायेनं बोलत होते की कुणी बाहेरून ऐकलं असतं तर वाटलं असतं, माझी समजूत काढतायत.

"मी अपील करणार आहे."

"करा की. लोकशाही आहे."

घरी आले तर सोपान दुधाचा टेम्पो लावून नुकतेच आलेले. मी नक्कल त्यांच्या हातात दिली. ते वाचता वाचता उंबऱ्यावरच बसले.

"ही तुझी सही."

"हो."

"कशी काय केलीस तू?"

"रेवा रडत होती. कडेवर होती. त्यांनी कागद पुढे केले, मी केली."

"तू? तू वाचल्याशिवाय?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. ते मला रागापेक्षा जास्त लागलं.

"सांगितलं ना, रडत होती ती. किती वेळा सांगू?"

"लई रडत व्हती," सासूबाई आतून म्हणाल्या. त्या मेंढरांसाठी पाला तोडत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. "काय करंल ती तरी. पोरीनं नुसता आकांत मांडला व्हता."

सोपान म्हणाले, "अपील तुझ्या नावानं नको करायला. माझ्या नावानं करू. नाहीतर वस्तीतल्या दुसऱ्या कुणाच्या."

"म्हणजे मी सही केली ते झाकायचं."

"झाकायचं नाही गं. पुढं करायचं नाही, एवढंच. समोरचा वकील तुला उभं करून फाडून खाईल."

"खाऊ दे."

"तू चिडलीयेस म्हणून बोलतेस."

"मग न चिडता काय बोलायचं असतं ते शिकवा मला."

त्यांनी नकलेची घडी घातली आणि माझ्याजवळ दिली. आत्याबाई पाल्याचा भारा घेऊन बाहेर पडल्या. त्यांची अकरा मेंढरं, वस्तीची मिळून तीनशेच्या वर. पंचनाम्यात लिहिलं होतं, चराईसाठी वापरात नाही. मी दारातून बघत राहिले. त्या चुन्याच्या खुणा ओलांडून गायरानात गेल्या आणि मेंढरं त्यांच्या मागे.

वस्तीतल्या दुसऱ्या कुणाचं नावही मिळालं नाही. गारपिटीच्या कागदांचं भाऊसाहेबांनी माझ्याआधीच घरोघरी सांगून ठेवलं होतं. समोरची सुमन, जिच्या दोन्ही पोरी अंगणवाडीत होत्या, मला म्हणाली, "आमी निरक्षर मानसं, कल्याणी. आमची चूक झाली असती तर एक वेळ समजलं असतं." तिच्या दारात चहा होत होता. मी तो न घेता परतले.

तालुक्यातल्या पाथरकर वकिलांनी मात्र नक्कल वाचून समाधानानं मान हलवली. पिकलेले, सावकाश बोलणारे गृहस्थ. महसुलाच्या केसेसमध्ये त्यांची हयात गेलेली.

"अपील तुमच्याच नावानं करायचं," ते म्हणाले. "सही लपवायची नाही. लपवली की समोरचा ती बाहेर काढणार, आणि मग आपण मेलो. आपणच पहिला मुद्दा म्हणून लिहायचा. आता मला सांगा, सही करताना नेमकं काय घडलं?"

"मुलगी रडत होती."

"किती वर्षांची?"

"चौदा महिन्यांची तेव्हा."

"उत्तम." त्यांनी चष्मा पुसला. "उत्तम म्हणजे, केससाठी. आजारी होती का?"

"दमा आहे तिला."

"मग असं लिहू. 'अपीलकर्तीचे चौदा महिन्यांचे आजारी अपत्य त्या समयी अनावर रडत असल्याने अपीलकर्तीचे मन विचलित झाले होते व त्या अवस्थेचा गैरफायदा घेऊन...' कसं वाटतं?"

"ठीक आहे."

"त्या वेळी साक्षीला कुणी होतं?"

"सासूबाई होत्या."

"त्या सांगतील?"

"सांगतील."

अकरा पानांचं अपील झालं. मी शेवटच्या पानावर सही केली. वाचलं होतं का? मुद्दा दोनपासून पुढे सगळं वाचलं. अंतरं तपासली, गट नंबर तपासला, मेंढरांचा आकडा तपासला. पहिला मुद्दा मी वाचला नाही. तो काय आहे ते मला माहीत होतं.

अठ्ठावन्नाव्या दिवशी आम्ही विभागाच्या ठिकाणी आयुक्तांच्या कार्यालयात अपील दाखल केलं. आवक खिडकीवरच्या मुलीनं पानं उलटसुलट केली, एका प्रतीवर कोर्ट फीचं तिकीट कमी आहे म्हणाली. तिकीट आणायला मी रस्त्यापलीकडे पळत गेले, रेवा कडेवर, तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता आणि मी पळताना तो मोजत होते. पाचला दहा मिनिटं असताना शिक्का बसला. लगेच तात्पुरती स्थगिती मिळाली, म्हणजे सुनावणी होईपर्यंत जागेवर काही करायचं नाही. खुंट्या होत्या तिथेच राहिल्या.

सुनावणी पुढच्या जूनमध्ये लागली. त्याआधी चार तारखा नुसत्याच पडल्या. त्या आठ-नऊ महिन्यांत 'पोरगी रडत होती' हे वाक्य मी किती जणांना सांगितलं, त्याला मोजदाद नाही. सर्कल अधिकाऱ्यांना सांगितलं, ग्रामसेवकांना सांगितलं, माहेरी सांगितलं. दर वेळी आत्याबाई जवळ असल्या तर म्हणायच्या, लई रडत व्हती. हळूहळू मला ते रडणं ऐकूही यायला लागलं.

अपर आयुक्त एक बाई होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, समोर फायलींची थप्पी. मॅडमच्या डाव्या हाताला ठेकेदाराचे वकील, तरुण, नीटनेटके. भिंतीला लागून गवांदे भाऊसाहेब मूळ फाईल छातीशी धरून उभे. मागच्या बाकावर आत्याबाई रेवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. सोपान बाहेर व्हरांड्यात थांबले, त्यांना आत कोंडल्यासारखं होतं.

ठेकेदाराच्या वकिलांनी पहिल्याच वाक्यात पंचनामा वर काढला. "मॅडम, ज्या पंचनाम्याच्या आधारे आदेश झाला, त्यावर खुद्द अपीलकर्तीची सही आहे. हरकत नाही म्हणून सही करायची आणि नंतर हरकत घेऊन अपिलात यायचं, हा काय प्रकार आहे?"

"आम्ही लपवलेलं नाही," पाथरकर शांतपणे म्हणाले. "मुद्दा क्रमांक एक बघावा."

मॅडमनी पान उघडलं. वाचता वाचता त्यांचा चेहरा मऊ झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मागे रेवाकडे.

"हीच का मुलगी?"

"हो."

"होतं असं," त्या म्हणाल्या. "मूल रडायला लागलं की काही सुचत नाही. मलाही दोन आहेत."

पाथरकरांनी संधी साधली. ते एक पाऊल पुढे आले, आणि त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका ओला झाला. "मॅडम, माझी अशील खेड्यातली एक साधी, भोळी गृहिणी आहे. चूल आणि मूल यापलीकडे तिचं जग नाही. पंचनामा म्हणजे काय, सहीचा अर्थ काय, त्याचे परिणाम काय, हे अशा बाईला कुठून कळणार? सरकारी माणूस दारात आला, म्हणाला सही कर, तिनं केली. ही भाबडी माणसं आहेत मॅडम."

मॅडम मान हलवत होत्या. मी भिंतीकडे बघितलं. गवांदे भाऊसाहेबही मान हलवत होते. खाली बघत, गंभीरपणे, अगदी बरोबर आहे असं. त्यांना हे चालणार होतं. रडणारं मूल आणि भाबडी बाई. त्यात त्यांची फार तर घाई दिसत होती, बाकी काही नाही.

मी उभी राहिले.

"मॅडम, मला बोलायचंय."

"तुमचे वकील बोलतायत ना."

"ते चुकीचं बोलतायत."

पाथरकर वळले. "कल्याणीताई, बसा."

"मी बीएस्सी आहे," मी म्हणाले. "केमिस्ट्री, फर्स्ट क्लास. पंचनामा म्हणजे काय ते मला कळतं. सही म्हणजे काय तेही कळतं. तेव्हाही कळत होतं. आणि माझी मुलगी रडत नव्हती. झोपली होती."

स्टेनोचा टकटकाट थांबला. पाथरकरांनी डोळे मिटून घेतले.

"मग इथे जे लिहिलंय ते?" मॅडमनी पानावर बोट ठेवलं. चेहरा परत कडक झाला होता.

"ते खोटं आहे. मी वकीलसाहेबांना खोटं सांगितलं. सगळ्यांनाच सांगितलं."

"मग सही का केलीत?"

मी भिंतीशी उभ्या गवांदे भाऊसाहेबांकडे बोट केलं.

"दुपार होती. हे भाऊसाहेब ओट्यावर बसले होते. म्हणाले, या वस्तीवर नुसते अंगठेच मिळतात वहिनी, तुमच्यासारखी शिकलेली सही मिळाली की कागदाला वजन येतं. लग्न होऊन मला तेव्हा तीन वर्षं झाली होती, मॅडम. तीन वर्षांत मला कुणी काही विचारलं नव्हतं. भाजीत मीठ किती घालू, एवढंही मीच दुसऱ्याला विचारत होते. डिग्री ट्रंकेत होती. मला बरं वाटलं. दोन कोरे कागद होते, ते मला दिसत होते. आपण वाचायला मागितलं तर यांना वाटेल हिचा विश्वास नाही, आणि परत विचारणार नाहीत, असं वाटलं. म्हणून केली. त्यांचं पेन चालेना, तर आतून माझं आणून दिलं. सहीखाली रेघ मारली. यांनी सही बघून वा म्हटलं."

त्याच दमात मी पुढे बोलले.

"मी भोळी नाही. यांना माहीत होतं, कुणाकडे काय मागितलं की सही मिळते. किसन लांडेला सरपंचांनी सांगितलं की पुरतं. समोरच्या सुमनला गप्प करायला गारपिटीच्या कागदांची भीती घातली की पुरतं. माझ्याकडून ही अशी घेतली. घाईत नाही घेतली. विचार करून घेतली."

"गवांदे," मॅडम म्हणाल्या. "कोऱ्या कागदावर सह्या घेता?"

"नाही मॅडम, म्हणजे..." त्यांनी फाईल दुसऱ्या हातात घेतली. मी रडणाऱ्या मुलाबद्दल बोलणार, याची त्यांनी तयारी केली होती. याची नव्हती. "सीझनला लोड असतो मॅडम. एका दिवसात चाळीस-चाळीस पंचनामे. सगळेच आधी सह्या घेऊन ठेवतात, मग..."

ते थांबले. फार उशिरा थांबले.

"लिहून घ्या," मॅडम स्टेनोला म्हणाल्या. "त्यांच्याच शब्दांत."

ठेकेदाराचे वकील उठले. "मॅडम, अपीलकर्तीनं आत्ता तुमच्यासमोर कबूल केलं की तिच्या अपिलातला पहिला मुद्दा खोटा आहे. अशा अपिलावर विश्वास तरी कसा ठेवायचा?"

"हे खरं आहे," मॅडम मला म्हणाल्या. "पहिलं पान खोटं. मग बाकीची दहा पानं खरी कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," मी म्हणाले. "येऊन बघा. अंगणवाडीच्या दारापासून पहिल्या खुंटीपर्यंत एकशे बावन्न पावलं आहेत. माझी पावलं लहान आहेत, तुमची कमी भरतील. सव्वीस मुलं आहेत तिथं. मेंढरं मोजायला सकाळी साडेआठच्या आत या."

मॅडमनी लाल पेन उचललं, पहिल्या मुद्द्यातल्या त्या ओळींवर आडवी रेघ मारली आणि अपील माझ्या बाजूला सरकवलं. "दुरुस्ती तुमच्या सांगण्यावरून आहे. समासात सही करा."

शिपायानं पेन पुढे केलं. मी ते घेतलं, टेबलावर ठेवलं आणि पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली.

"फक्त तिथंच करायची आहे," पाथरकर दबल्या आवाजात म्हणाले.

मी वाचत राहिले. अकरा पानं. पुढच्या केसची माणसं दारात येऊन उभी राहिली, शिपाई खाकरला, ठेकेदाराच्या वकिलांनी घड्याळ बघितलं. सातव्या पानावर अंगणवाडीतल्या मुलांचा आकडा छत्तीस पडला होता. मी तो मॅडमना दाखवला. त्यांनी तो सव्वीस केला. मग मी दोन्ही ठिकाणी सह्या केल्या. नुसतं नाव.

निकालाचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे झालं. दीड महिन्यानं मॅडम स्वतः आल्या, सकाळी आठलाच. गायरानात फिरल्या, अंगणवाडीत जाऊन बसल्या, मेंढरं मोजली. दिवाळीच्या आधी आदेश रद्द झाला. गारपिटीच्या कागदांना कुणी हात लावला नाही, ती सगळी नुसती भीतीच होती. गवांदे भाऊसाहेबांची चौकशी लागली, वेतनवाढ रोखली म्हणे, मग बदली झाली. हल्ली ते दुसऱ्या तालुक्यात पंचनामे करतात. क्रशर आमच्यापासून सात किलोमीटरवरच्या गावात गेला. रेवा आता पाचवीत आहे, दमा जवळपास गेला. पण त्या गावावरून वारं आलं की मी अजून खिडक्या लावते, आणि तिथल्या पंचनाम्यावर पंच क्रमांक दोन कोण असेल, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं, सुनावणीनंतरचं.

बाहेर पाथरकर माझ्याशी बोलले नाहीत. सोपानना एवढंच म्हणाले, "तुमच्या मंडळींना पुढच्या तारखेला घरी ठेवा," आणि निघून गेले. सोपान मला काय झालं, काय झालं विचारत होते. मी म्हटलं, सांगते, आधी बस बघा. ते चौकशीच्या खिडकीकडे गेले.

आत्याबाई बसस्टँडच्या कठड्यावर रेवाला घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले.

"तुम्हाला माहीत होतं."

"काय?"

"रेवा त्या दिवशी झोपली होती."

"माझ्याच मांडीवर व्हती की ती," आत्याबाई म्हणाल्या. "झोपंत हसत व्हती."

"मग यांना, वकिलांना, सगळ्या गावाला रडत होती म्हणून का सांगितलंत?"

"तू म्हनत व्हतीस म्हनून."

"मला एकदा तरी विचारायचं होतंत, मी असं का म्हणते म्हणून."

"त्यात काय इचारायचं? तू म्हनलीस, मी म्हनले."

मला त्यांच्या पाया पडायला हवं होतं. त्यांची शपथेवर साक्ष झाली असती तर तिथंही त्यांनी हेच सांगितलं असतं, कशावर सांगतोय ते न बघता. पण मला नुसता संताप आला. कुणावर ते मला तेव्हाही कळत होतं. निघाला मात्र त्यांच्यावर.

"पुढच्या वेळी विचारा," मी म्हणाले. आवाज इतका चढला की शेजारच्या बाकावरचा माणूस वळून बघायला लागला. "मी सांगितलं तरी विचारा. मी सांगितलं तर जास्तच विचारा."

आत्याबाई उठल्या. पदर खोचला, पिशवी खांद्याला लावली आणि झोपाळलेली रेवा माझ्याकडे दिली.

"धर पोरीला आधी," त्या म्हणाल्या. "आन् ती पाटी वाच नीट. बस आपलीच हाय का?"